पहाटेची पोटदुखी आणि मण्यार

नमस्कार श्रोतेहो. मृगाचा पाऊस झाला, भाताची आवणं लावायची धांदल सुरू झाली, की ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशाचे पेशंट वाढतात. बिळांत पाणी शिरतं आणि साप कोरडी जागा धुंडत, उंदरांच्या मागावर घरात येतात. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८,००० माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले.

घोणस किंवा फुरसं चावलं तर बहुधा लगेच कळतं. आग होते, पाय सुजतो. मला आज जास्त बोलायचंय ते मण्यारीबद्दल, कारण ती चावलेली कळतच नाही. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. दात इतके बारीक, की खूण शोधून सापडत नाही, दुखतही नाही. पहाटे माणूस पोट धरून उठतो. घरचे ओवा देतात, सोडा पाजतात, रात्रीच्या जेवणावर खापर फोडतात. तासाभरात पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते, थुंकी गिळवत नाही. पुढची पाळी श्वासाची.

तेव्हा मायबहिणींनो, पोर जमिनीवर झोपलं होतं, पहाटे पोटात कळ आली आणि डोळे उघडेनात, एवढं दिसलं तरी मण्यार समजून निघा. उजाडायची वाट बघू नका. आणि मुळात खाटेवर, बाजेवर झोपा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा चारी बाजूंनी अंथरुणाखाली घट्ट खोचा. डासांसाठी घेतलेली ही मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते.

साप चावल्यावर दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, तोंडानं विष ओढू नका. हातपाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, पेशंटला चालवू नका. सापाला मारून आणायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर लस एकच आहे आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. देवरुष्याकडे जायचंच असेल, तर बरं झाल्यावर खुशाल नारळ फोडा, पण आधी लस.

दवाखान्यात काय होतं तेही सांगतो, कारण तिथंच नातेवाइकांचा धीर सुटतो. थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही, तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय असं धरतात. ती वीस मिनिटं वाया जात नसतात, डॉक्टरांशी भांडू नका. "पोर लहान आहे, लस कमी द्या," असंही म्हणू नका. साप लहान-मोठं बघून विष सोडत नाही, म्हणून लस मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लागते.

विंचवाचंही तसंच. लाल विंचू चावून मुलाला दरदरून घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर धोका हृदयाला असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणात कितीतरी जीव वाचवले. ते वेळेत मिळायला हवं, एवढंच.

आणि आजच रात्री एक काम करा. १०८ नंबर सगळ्यांना ठाऊक आहे, पण पावसात रस्ता वाहून गेला, तर गावातली कोणाची गाडी निघेल हे आत्ताच ठरवा. त्याचा नंबर दाराजवळ भिंतीवर ठळक लिहा. जवळच्या कोणत्या दवाखान्यात रात्री डॉक्टर आणि लस दोन्ही असतात, हे आशाताईंना विचारून ठेवा. मोटारसायकलवरूनच न्यावं लागलं, तर पेशंटला मधे बसवा आणि मागून एकानं त्याला घट्ट धरून बसा. पापण्या मिटत असल्या, तर त्याला स्वतःचा तोल सांभाळता येणार नाही.