जंकसचा कागद कसा वाचावा

मंडळी, जंकसचा कागद म्हणजे दाबून वाळवलेला जंकसचा नमुना चिकटवलेला, वनस्पतिसंग्रहातला कागद. ओल्या जागी गवतासारखी वाढणारी जंकस इफ्यूझस हौसेने गोळा करावी अशी वनस्पती नाही. बुडाशी तपकिरी आवरणे, वर नुसता हिरवा दांडा, आणि दांड्याच्या कुशीतून फुटल्यासारखा दिसणारा मातकट फुलोरा. खरे तर फुलोरा टोकालाच असतो. त्याच्या वर दिसतो तो दांडा नसून सरळ उभे राहिलेले सहपत्र, म्हणजे फुलोऱ्याच्या बुडाचे पान असते. ब्रिटनच्या ओल्या कुरणांत ती माजते. पूर्वी तिथे तिचा भेंड चरबीत बुडवून गरिबाघरी दिवे लावत. जपानात तिच्यापासून तातामी चटया होतात. आपला लव्हाळा वेगळा, तो मोथ्याच्या कुळातला.

तिच्या शेजारीच जंकस काँग्लोमेरेटस उगवते. दोघींना लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 मध्ये नावे दिली, आणि तेव्हापासून गोंधळ चालूच आहे. फुलोरा मोकळा ती इफ्यूझस, गोळा झालेला ती काँग्लोमेरेटस, असे सरधोपट सांगतात. पण इफ्यूझसमध्येही गच्च फुलोऱ्याची झाडे निघतात, शिवाय दोघींचा संकर होतो.

जिवंतपणी बोट फिरवले की बरेचसे कळते. इफ्यूझसचा दांडा गुळगुळीत, चकचकीत. काँग्लोमेरेटसचा निस्तेज, फुलोऱ्याखाली उभ्या कंगोऱ्यांचा. आता तो दांडा दाबून वाळवा. ज्वारीच्या ताटासारखा आतला भेंड आक्रसतो, साल सुरकुतते आणि इफ्यूझसवरही रेघा उठतात. म्हणजे भरवशाची खूण आपणच वाळवताना पुसट करतो! म्हणून गोळा करणाऱ्याने नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर ‘ताजा दांडा गुळगुळीत’ एवढे दोन-तीन शब्द लिहायलाच हवेत. ‘ओले कुरण, जुलै’ यावर भागवलेली चिठ्ठी मला निम्मीच वाटते.

चिठ्ठी मुकी असेल तर बोंडाकडे, म्हणजे फळाकडे वळायचे. इफ्यूझसच्या बोंडाचे टोक किंचित खोलगट, काँग्लोमेरेटसमध्ये तिथे बारीक उंचवटा आणि त्यावर परागवाहिनीचा अवशेष. पण नमुना फुलावर असतानाच खुडला असेल तर बोंड कुठून आणणार? दांडा मीटरभर उंच, त्यामुळे कागदावर बसवण्यासाठी तो दुमडलेला असतो. त्यात बुडाचा भाग खुडताना मागेच राहिला, तर जमिनीखालचे आडवे खोडही बघायला मिळत नाही.

अशा कागदांवरून कोणते झाड कुठे उगवते याचे नकाशे करतात, तेव्हा नोंदी मोजतानाही जपावे लागते. एकाच दिवशी एकाच जागी खुडलेल्या नमुन्याच्या प्रती चार संग्रहांत वाटल्या जातात. संगणकावर त्या चार नोंदी दिसतात, पण संग्राहकाचा क्रमांक एकच असतो. आणि नकाशावर ठिपका नाही, याचा अर्थ तिथे झाड नाही असा होत नाही. रस्त्याकडेच्या डबक्यांना ठिपके भरपूर मिळतात, आतल्या दलदलीत गुडघाभर चिखलात कोण उतरतो?

ज्या कागदावर बोंड नाही आणि ताज्या दांड्याबद्दल शब्दही नाही, त्यावर मी ‘इफ्यूझस किंवा काँग्लोमेरेटस’ एवढेच लिहितो. जुनी ओळख-चिठ्ठी काढत नाही, तिच्याशेजारी माझी लावतो. असे कागद वगळले तर नकाशातले ठिपके कमी होतात. होऊ देत.