पन्नास वॉट म्हणजे नेमके किती?

अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हौशी रेडिओचालकांवरील शक्तीची मर्यादा अँटेनाकडे जाणाऱ्या लहरींवर नव्हे, तर ट्रान्समीटरच्या अखेरच्या टप्प्याला पुरवलेल्या डीसी विजेवर आखलेली होती. ती होती एक हजार वॉट. व्होल्टमीटर आणि अँमीटरवरच्या आकड्यांचा गुणाकार केला की प्रश्न मिटत असे. १९८३ मध्ये नियम बदलला, १५०० वॉट ही मर्यादा बाहेर पडणाऱ्या शिखरशक्तीवर, म्हणजेच पीईपीवर लागू झाली, आणि रेडिओ फ्रीक्वेन्सीवरची शक्ती मोजण्याचे कितीतरी अवघड काम हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओचालकाच्या, टेबलावर येऊन पडले.

आज शंभर वॉटच्या अनेक ट्रान्सीव्हरच्या (एकाच डब्यातील ट्रान्समीटर व रिसीव्हरच्या) पडद्यावर वॉटचा आकडा दिसतो, शेजारी एसडब्ल्यूआर मीटरचा, म्हणजे अँटेनाकडे जाणारी आणि तिथून परत फिरणारी शक्ती दाखवणाऱ्या उपकरणाचा, काटाही हलत असतो, आणि दोन्ही आकडे जुळले की समाधान वाटते. परंतु त्या दोन उपकरणांची एकमेकांशी सहमती म्हणजे अचूकता नव्हे, कारण दोन्ही बहुधा रेडिओ लहरींचे डीसी व्होल्टेज करणाऱ्या एकाच प्रकारच्या डायोडवर अवलंबून असतात आणि म्हणून एकाच दिशेने चुकू शकतात.

ही चूक कशी होते ते पाहू. पन्नास ओहमच्या लोडमध्ये (शक्ती शोषणाऱ्या रोधात) पाच वॉट जात असताना शिखर व्होल्टेज सुमारे २२.४ असते, त्यामुळे सिलिकॉन डायोडने ०.६ व्होल्ट गिळले तरी फारसा फरक पडत नाही. शक्ती अर्ध्या वॉटवर आणली की शिखर व्होल्टेज सातच्या आसपास येते, आणि तेच ०.६ व्होल्ट वजा झाल्यावर हिशेब ०.४२ वॉटचा निघतो. ही तूट सोळा टक्क्यांची आहे. निर्माते मापपट्टी आखताना तिची भरपाई करतात, पण ती मापपट्टीच्या सर्व भागांत सारखी साधत नाही. पाच वॉटच्या मर्यादेत राहून दूरचे संपर्क साधणाऱ्या क्यूआरपी मंडळींना हा फरक सर्वांत आधी जाणवतो.

दुसरी गोष्ट माहितीपत्रकात छापलेलीच असते, तरी ती वाचली जात नाही. बर्ड कंपनीच्या मॉडेल ४३ या वॉटमीटरला हॅम मंडळींमध्ये मोठा मान आहे आणि तो रास्त आहे. त्याची अचूकता अधिक-उणे पाच टक्के सांगितली जाते, मात्र हे पाच टक्के पूर्ण मापपट्टीचे आहेत, दिसणाऱ्या आकड्याचे नव्हेत. शंभर वॉटचा एलिमेंट, म्हणजे मापपट्टीची मर्यादा ठरवणारा, बदलता येणारा भाग, बसवला असेल तर काटा कुठेही असो, पाच वॉटची मुभा कायम राहते. म्हणजे काटा दहावर असताना खरी शक्ती पाच ते पंधरा वॉटमध्ये कुठेही असू शकते. म्हणूनच काटा मापपट्टीच्या वरच्या भागात येईल असा एलिमेंट निवडणे, हा मला महागडा मीटर विकत घेण्यापेक्षा अधिक उपयोगी सल्ला वाटतो.

पडताळणी अँटेनावर करू नये. एसडब्ल्यूआर दोन असेल तर अकरा टक्के शक्ती परत फिरते, आणि पन्नास ओहम गृहीत धरून आखलेल्या साध्या मीटरचे वाचन केबलच्या लांबीनुसारही बदलू शकते. त्यासाठी चांगला डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी जोडायचा, शक्तीची उष्णता करणारा रोध, हवा.

आता सर्वांत खात्रीची पद्धत, जी घरीही करता येते. पन्नास ओहमचा, इंडक्टन्स नगण्य असलेला लोड ट्रान्सफॉर्मर तेलाच्या डब्यात बुडवा आणि त्याला डीसी सप्लायवरून पन्नास व्होल्ट द्या. एक अँपिअर प्रवाह वाहील आणि बरोबर पन्नास वॉट उष्णता तयार होईल, जी साधा डिजिटल मल्टिमीटरही एखाद-दोन टक्क्यांत मोजू शकतो. तेल ढवळत पाच मिनिटांत तापमान किती चढले ते नोंदवा. डबा पूर्वीच्या तापमानाला आला की त्याच लोडला ट्रान्सीव्हर जोडा, अखंड कॅरियर (आवाज न घातलेली स्थिर लहर) सोडा आणि पाच मिनिटांत तेवढेच तापमान चढेल अशी शक्ती ठेवा. आता ट्रान्सीव्हर पन्नास वॉट देतो आहे, मग पडद्यावर पंचेचाळीस दिसोत वा साठ. यात तेलाची विशिष्ट उष्णता ठाऊक असण्याची गरज नाही, हवेत निसटणारी उष्णताही दोन्ही वेळा जवळपास सारखीच असते. राष्ट्रीय मापन प्रयोगशाळाही रेडिओ शक्तीचे मूळ प्रमाण याच तत्त्वावर, डीसी आणि रेडिओ शक्तीच्या उष्णतेची तुलना करून ठरवतात, आणि मला या पद्धतीबद्दल वाटणारा आदर त्यामुळेच आहे.

ऑसिलोस्कोप असेल तर योग्य प्रोबने लोडवरचे शिखर व्होल्टेज मोजून त्याचा वर्ग शंभराने भागावा. पन्नास वॉटला सुमारे ७०.७ व्होल्ट दिसले पाहिजेत. स्कोपची बँडविड्थ वापरातल्या फ्रीक्वेन्सीच्या कितीतरी पट असावी. एसएसबी या आवाज पाठवण्याच्या पद्धतीतली शिखरशक्ती पाहण्यासही स्कोपच बरा, कारण बोलताना साधा काटा सरासरीच्या मागे धावतो. सारख्याच जोराच्या दोन वेगळ्या स्वरांची चाचणी दिली तर सरासरी शक्ती शिखरशक्तीच्या निम्मी असते.

एका बँडवर मिळालेला निकाल दुसऱ्या बँडला लावता येत नाही, कारण मीटरमधील कपलर, म्हणजे जाणाऱ्या शक्तीचा लहानसा नमुना काढणारा भाग, फ्रीक्वेन्सीनुसार वेगळे वागतो. ३.५, १४ आणि २८ मेगाहर्ट्झवर ही पडताळणी स्वतंत्रपणे करावी आणि प्रत्येक वेळी मीटरचे वाचन, खरी शक्ती व तारीख लिहिलेली पट्टी मीटरच्या पाठीवर चिकटवावी.