अच्युत कानविंदे: आचऱ्याहून हार्वर्डला, हार्वर्डहून मेहसाण्याला

श्रोतेहो, नमस्कार.

कानपूरच्या आयआयटीत शिकलेलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर तिथलं ग्रंथालय त्यांच्या लक्षात असणारच. त्याला पहिले संचालक पु. का. केळकर यांचं नाव आहे. ते ग्रंथालय ज्यांनी आखलं, तेही मराठीच, अच्युत कानविंदे. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी घेत नाही, याची मला चुटपुट लागते.

कानविंद्यांचा जन्म १९१६ चा, कोकणातल्या आचऱ्याचा. वडील चित्रकार. मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुकला शिकताना क्लॉड बॅटली हे इंग्रज गुरू त्यांना लाभले. हे गृहस्थ विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय इमारती टेप घेऊन मोजायला लावत आणि कागदावर उतरवून घेत. जाळी कशाला, ओसरी कुठे, सावली किती, हे हाताखालून गेलं की डोक्यात बसतं.

मग १९४५ मध्ये सरकारने त्यांना हार्वर्डला धाडलं. तिथे शिकवत होते वॉल्टर ग्रोपियस, जर्मनीतल्या बाउहाउस या कला आणि वास्तुकलेच्या शाळेचे संस्थापक. त्यांचा आग्रह बॅटलींच्या जवळजवळ उलटा. जुने नमुने गिरवू नका. इमारतीचं काम काय ते आधी समजून घ्या, रूप त्यातून येईल.

परतल्यावर कानविंद्यांना नोकरी मिळाली ती वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेत, म्हणजे सीएसआयआरमध्ये. देश नवा, प्रयोगशाळा उभारायच्या होत्या. आता प्रयोगशाळेचा जुना नमुना आणायचा कुठून? वायू कुठून सोडायचा, नळ-तारा कुठून न्यायच्या, उद्या यंत्र बदललं तर भिंत हलवता येईल का, हे शास्त्रज्ञांनाच विचारावं लागे. ग्रोपियस इथे उपयोगी पडले. अहमदाबादची अटिरा ही कापड संशोधन संस्थेची इमारत त्याच काळातली, सरळ आणि निरलंकार.

१९५५ मध्ये शौकत राय यांच्याबरोबर त्यांनी दिल्लीत स्वतःची फर्म काढली. माझ्या मते खरे कानविंदे त्यानंतरचे. कानपूरच्या उन्हात सरळसोट पेटीसारखी इमारत चालत नाही. तिथल्या आयआयटीत त्यांनी काँक्रीटची चौकट उघडी ठेवली, मधे विटा भरल्या आणि विभाग एकमेकांना सावलीतल्या वरच्या पायवाटांनी जोडले. खाली पाणी, झाडं. बॅटलींकडे मोजलेली ओसरी इथे काँक्रीटमध्ये आली, असं मला वाटतं.

आणि गुजरातमधल्या मेहसाण्याची दूधसागर डेअरी! सत्तरच्या दशकातली. वाफ आणि गरम हवा बाहेर टाकायला त्यांनी उंच धुराड्यांसारखे मनोरे छपरावर काढले. ते लपवले नाहीत; त्यांच्यामुळेच तो कारखाना लांबून किल्ल्यासारखा दिसतो. दुधाच्या कारखान्याकडे पाहायला वास्तुकलेचे विद्यार्थी जातात, हे आपल्याकडे क्वचितच घडतं.

१९७४ मध्ये पद्मश्री मिळाली. काम मात्र थांबलं नाही. दिल्लीचं इस्कॉन मंदिर १९९८ मध्ये उघडलं तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. आयुष्यभर प्रयोगशाळा आणि कारखाने आखलेल्या माणसाने शिखरं कशी हाताळली, हे दिल्लीला गेलात तर जरूर बघून या.