घाम वाळतोय का?

नमस्कार, श्रोतेहो.

माझं बालपण नागपुरात गेलं. मे महिन्यात बाहेरून आलं की कूलरसमोर बसायचं, दोन मिनिटांत जीव थंड व्हायचा. तोच कूलर मुंबईत लावून बघा, खोलीत नुसती ओल धरते. माठाचंही तसंच. पाणी झिरपलं पाहिजे आणि वाळलंही पाहिजे, तरच गारवा. लांब पल्ला धावणाऱ्याचं शरीर म्हणजे असा एक माठच आहे.

धावताना खर्ची पडणाऱ्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा पाय पुढे टाकायला लागतो. उरलेल्याची उष्णता होते. घाम वाळला तर ती निघून जाते. हवा दमट असली की घाम नुसताच गळतो. मग शरीर जास्त रक्त त्वचेकडे वळवतं, हृदयाचे ठोके चढतात आणि कालचाच वेग आज झेपेनासा होतो.

2019 साली दोहाच्या जागतिक स्पर्धेत ऊन टाळायला महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री ठेवली होती. ऊन टळलं, पण दमट उकाडा काही टळला नाही. पारा तिशीच्या वरच होता. 68 जणी सुटल्या, 40 पोहोचल्या. केनियाची रूथ चेपनगेटिच जिंकली, वेळ 2 तास 32 मिनिटं 43 सेकंद. त्याच वर्षी जानेवारीत, दुबईत तिनेच हे अंतर 2 तास 17 मिनिटं 8 सेकंदांत कापलं होतं. पंधरा मिनिटांचा फरक! तिचं कसब आठ महिन्यांत कुठे गेलं नव्हतं.

थंडीही सोपी नसते. 2018 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये गार पाऊस आणि समोरून वारा होता. तिथे डेझिरी लिंडनला जिंकायला 2 तास 39 मिनिटं 54 सेकंद लागली.

आता आपल्याकडचं. पुण्या-नाशिकची मंडळी कोरड्या थंडीत सराव करतात आणि जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला तोच वेग धरतात. पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला हवा गार लागते, म्हणून फसायला होतं. परतताना पेडर रोडचा चढ येतो तेव्हा ऊन वर आलेलं असतं आणि बनियन पिळून काढण्याइतकी भिजलेली असते. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिले दहा किलोमीटर घड्याळाकडे बघू नका, श्वासाकडे बघा. शेजारच्याशी एखादं वाक्य बोलता आलं पाहिजे. उकाड्याची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, ती शर्यतीच्या आदल्या रात्री मुंबईत उतरून होत नाही. पाणी तहानेप्रमाणे प्या. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ घटतं, आणि तेही जिवावर बेततं.

आणि धावता धावता सोबतीचा तोल जाऊ लागला, तो असंबद्ध बोलू लागला, तर त्याचं “मी ठीक आहे” ऐकू नका. त्याला सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, डॉक्टरांना बोलवा. तुमची वेळ त्या दिवशी जाऊ द्या.

नमस्कार.