वीस मिनिटं

(पहाट. कृष्णाकाठचा ऊस. पाटातून वाहणारं पाणी.)

रात्रीची लाईट असली की आमच्याकडं माणसं अंधारातच उसाला पाणी पाजतात. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं. कराड तालुक्यातल्या याच शिवारात, मी पाचवीत असताना, माझ्या नानांना पान लागलं. साप चावला असं आमच्याकडं कुणी पटकन म्हणत नाही. पान लागलं म्हणतात.

नाना माझे धाकटे चुलते. त्यांना उचलून आधी नेलं ते देवऋषाच्या दारात. लिंबाचा पाला झाला, अंगारा झाला, मंत्र झाले. दोन तास गेले. पाय मांडीपर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग देवऋषी म्हणाला, "विष उतरंना. कुणाचा तरी विटाळ झालाय." सगळ्यांनी वळून काकीकडं बघितलं. ती लांब, बाभळीखाली उभी होती. पाळीत होती. नवरा मरणाच्या दारात, आणि त्याचं पाप तिच्या माथी.

काकीनं पदर तोंडाशी धरला. एक शब्द बोलली नाही.

माणूस नास्तिक का होतो, हे विचारत मी सातारा-सांगलीत बराच फिरलो. वाचनानं होतो म्हणतात. होतही असेल. पण माझ्याशी जे मोकळेपणानं बोलले, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या आठवणीत अशी एक काकी निघाली. कुणाची आत्या, केसात जट आली म्हणून देवीला सोडलेली. कुणाची आई, लेकरू गेल्यावर 'तुझाच नवस चुकला' हे ऐकून घेतलेली. देव आहे का, हा प्रश्न पुष्कळ उशिरा येतो. त्याआधी पोटात ढवळतं ते वेगळंच असतं: हिचा काय दोष?

(काचेची नळी. भिंतीवरचं घड्याळ.)

त्या रात्री शेवटी नानांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी थोडं रक्त काढलं, कोरड्या काचेच्या नळीत घातलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. म्हणाले, "वीस मिनिटं हिला कुणी हात लावायचा नाही." मी घड्याळाखालीच बसलो होतो. वेळ भरल्यावर त्यांनी नळी हळूच कलती केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. निरोगी माणसाचं एवढ्या वेळात गोठायला हवं होतं. "घोणस आहे," ते म्हणाले आणि सलाईनमधून औषध सुरू केलं.

एवढंच घडलं. पण कुणीतरी आधी सांगतो की असं झालं तर हे, तसं झालं तर ते, आणि मग सगळ्यांसमोर थांबून बघतो, हे मी पहिल्यांदा पाहत होतो. त्यात कुणाचा विटाळ आड येत नव्हता. नाना वाचले.

मग देवऋषाकडं गेलेले इतके लोक बरे कसे झाले? हे कोडं मला कॉलेजात गेल्यावर सुटलं. आपल्या शिवारात दिसणाऱ्या धामण, दिवड, कवड्या या सापांना माणसाला मारणारं विषच नसतं. जीव जातात ते मुख्यतः नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारांनी, आणि तेही कधीकधी चावतात पण विष सोडत नाहीत. दिवड चावलेला माणूस पाला खाऊनही बरा होतो आणि न खाऊनही. श्रेय मात्र पाल्याला जातं. देवऋषी लबाडच असतो असं नाही. त्याचा स्वतःचाही विश्वास बसलेला असतो, आणि मला तीच गोष्ट जास्त भयंकर वाटते.

(टेंभू. नदीचं पात्र.)

आमच्यापासून जवळच टेंभू. गोपाळ गणेश आगरकर इथं १८५६ साली जन्मले. परंपरेलाही बुद्धीच्या कसोटीवर घासा, एवढंच ते म्हणत राहिले, तर विरोधकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेला डॉक्टरकी शिकले. कबड्डीचे पट्टीचे खेळाडू. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली. देव मानू नका, असं समितीनं कुणाला सांगितलं नाही. देवाच्या नावानं लुबाडणूक नको, एवढंच म्हणणं होतं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात, सकाळी फिरायला गेलेले असताना, त्यांना गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, तो त्याच वर्षी आला. त्याच्या अनुसूचीत एक कलम आहे: साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ती बाभळ आली.

मांढरदेवला २५ जानेवारी २००५ ला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, जवळपास ३०० माणसं गेली. कुणाची श्रद्धा त्या दिवशी तुटली, कुणाची अधिकच घट्ट झाली. एकाच घटनेनं दोन माणसं दोन वाटांना लागतात, आणि त्यांतल्या कुणालाही वेडं ठरवायचा हक्क मला नाही.

मी आज देव मानत नाही. काकी मानते. रोज संध्याकाळी दिवा लावते, काळूबाईचा उपास धरते. आमचं यावरून कधी भांडण झालं नाही.

गेल्या पावसाळ्यात भांगलणीला आलेल्या बाईच्या पायाला काहीतरी चावलं. कुणीतरी देवऋषाचं नाव काढलं. काकी पुढं झाली, तिला जीपमध्ये बसवलं, पाय हलवू नको म्हणाली. मग ड्रायव्हरला म्हणाली, "सरळ दवाखान्यात घे. आणि किती वाजलेत ते बघून ठेव."