आकाशकंदील घरात घेऊ या

(दृश्य: सीताबर्डी मेन रोड, दिवाळीआधीची संध्याकाळ. दोरीवर टांगलेले कंदील.)

दिवाळी आठ दिवसांवर आली की नागपुरात बर्डीचा मेन रोड कंदिलांनी भरून जातो. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, खाली झिरमिळ्या. हे कंदील गॅलरीत चढतात, तुळशीचं लग्न लागलं की उतरतात आणि थेट माळ्यावर जातात. घरात मात्र बाराही महिने भिंतीवरची पांढरी ट्यूबलाइट, आणि झोपताना झिरोचा बल्ब. इतका सुंदर दिवा करता येणाऱ्या माणसांच्या बैठकीत असा उजेड का असावा?

(दृश्य: कामटी वाकवणारे हात. कागदावर फिरणारं खळीचं बोट.)

1951 साली इसामु नोगुची हा शिल्पकार जपानमधल्या गिफू गावी गेला. तिथल्या नागारा नदीवर रात्री नावेच्या टोकाला जाळ पेटवून पाणकावळ्यांकडून मासे धरतात. कंदील करायची गिफूची परंपरा जुनी. बांबूच्या बारीक कामट्या, त्यावर तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद. नोगुचीनं साहित्य तेच ठेवलं, आत मेणबत्तीऐवजी विजेचा बल्ब बसवला आणि आकार मोकळे सोडले. कुठे गोल, कुठे उभा खांब, कुठे चक्क वाकडातिकडा. हेच ते ‘आकारी’ दिवे. घडी घातली की चपटे होऊन खोक्यात मावतात. आज जगभरच्या घरांत ते टांगलेले दिसतात.

कामट्या आणि कागद. म्हणजे आपल्या आकाशकंदिलाचंच सामान.

(दृश्य: उघडा बल्ब, मग त्यावर सावकाश उतरणारी शेड.)

दिव्याच्या रचनेतला खरा प्रश्न एकच असतो: बल्ब डोळ्यांवर येऊ द्यायचा नाही, पण उजेड तर हवा. डेन्मार्कच्या पोल हेनिंगसेननं 1920च्या दशकापासून सारं आयुष्य या एका प्रश्नाला दिलं. 1958 साली कोपनहेगनच्या एका रेस्टॉरंटसाठी त्यानं केलेल्या ‘आर्टिचोक’ दिव्याला 72 पानं आहेत, एकाखाली एक सरकवून लावलेली. कुठूनही पाहा, आतला बल्ब दिसत नाही. दिसतात फक्त उजळलेली पानं.

इटलीच्या कास्तिलिओनी भावांचं कोडं वेगळं होतं. जेवणाच्या टेबलावर दिवा हवा, पण छताला भोक पाडायचं नाही. 1962 साली त्यांनी ‘आर्को’ केला. खाली संगमरवराचा जड ठोकळा, त्यातून निघालेली पोलादी कमान, आणि कमानीच्या टोकाला दिवा. तो थेट टेबलावर येतो. ठोकळ्याला एक आरपार भोक ठेवलं आहे. त्यात झाडूचा दांडा घालायचा आणि दोघांनी मिळून दिवा उचलायचा. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, घरमालक खिळाही ठोकू देत नाही अशा प्रत्येकाला या दिव्याचं मोल कळेल.

(दृश्य: अंगणाच्या कोपऱ्यात पडलेलं जातं.)

संगमरवर कशाला हवा? कितीतरी घरांत आजीचं जातं अंगणात पडून आहे. वरच्या तळीला मधोमध भोक असतंच, मूठमूठ दाणे टाकायचं. त्यात पाइप घट्ट बसवला की हलता हलणार नाही असा उभा दिवा तयार. वायर पाइपमधून खाली आणली, तर पाइपला वरच बाजूनं एक भोक पाडून ती बाहेर काढावी, दगडाखाली दाबू नये. दगड घासून चकचकीत करू नका, टाकीचे घाव राहू द्या. तिरप्या उजेडात ते फार देखणे दिसतात.

जर्मनीच्या इंगो माउररचा ‘झेट्टल्झ’ मला स्वतःला सगळ्यांत आवडतो. 1997 सालचा. मधे बल्ब, भोवती बारीक तारा, तारांच्या टोकांना चिमटे आणि चिमट्यांत कागद. काही कागद कोरेच मिळतात, घरच्यांनी लिहावं म्हणून. आपल्याकडे त्यात जुनी आंतर्देशीय पत्रं लावावीत. निळ्या कागदामागून उजेड आला की पाठपोट दोन्हीकडचं अक्षर एकदम दिसतं.

(दृश्य: घडीवर विरलेली कोसा साडी, मागून उजेड.)

भंडारा जिल्ह्यात कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणतात. कोशाचा मूळ रंगच मधासारखा. रंगवायची गरज नाही. कपाटातली कोसा साडी घडीवर विरते, नेसवत नाही, टाकवतही नाही. तिचा पदर तारेच्या कड्यावर ताणून शिवला की शेड झाली. एकसारखी जाड नसलेली सुतं उजेडात वेगवेगळी दिसतात. मिलच्या कापडात ते येत नाही.

हे सगळं पूर्वी धोक्याचं होतं. जुना पिवळा बल्ब घेतलेल्या विजेपैकी जेमतेम 5 टक्क्यांचा उजेड करायचा, बाकी उष्णता. कागद जवळ गेला की करपायचा. आता साधारण 9 वॅटचा एलईडी जुन्या 60 वॅटइतका उजेड देतो आणि कापडाजवळही चालतो. त्याचं बूड मात्र तापतं, म्हणून शेड वरून बंद करू नका. दुकानात न मागताच पांढरा देतात. वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर उजेडाचा, 2700 केल्विनचा, मागून घ्या.

नागपुरात आणखी एक पाहावं लागतं, कूलर. मार्च सरला की तो खिडकीत बसतो. त्याच्या वाऱ्यात टांगता कागदी दिवा गरगर फिरतो, आणि ओलसर हवेनं खळ सुटून कागद कामटीवरून उचलला जातो. उन्हाळ्यापुरता तो झोतातून काढून कोपऱ्यात जमिनीवर ठेवा.

(दृश्य: बुरुड कारागीर, अर्धी विणलेली टोपली.)

विणलेल्या बांबूला ही अडचण नाही. गडचिरोली-चंद्रपूरचा बांबू आपल्या दाराशी आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रात तो कसा टिकवायचा, त्याच्या वस्तू कशा घडवायच्या हे शिकवतात. औषधात न भिजवलेला बांबू घेऊ नका. पुढे कीड लागून दिव्याखाली रोज पिठासारखा भुसा पडलेला दिसेल.

आणि जवळच्या बुरुडाकडे दिवाळीची गर्दी नसताना जा. टोपली विणायला सांगा, पण वीण नेहमीपेक्षा सैल, दोन कामट्यांमध्ये बोटभर फट. बुडाशी होल्डर जाईल एवढं भोक सोडायला आधीच सांगा, मागाहून कापलं तर वीण उसवते. तो सांगेल ती मजुरी द्या, घासाघीस करू नका. असली सैल वीण सारखी ठेवणं घट्ट विणण्यापेक्षा अवघड असतं.