रिपोर्टवर ‘ओ’, जनुकात ‘बी’

जनुक म्हणजे काय, असं परीक्षेत विचारलं तर तुम्ही सगळे बरोबर लिहाल: डीएनएचा असा तुकडा, ज्यात एखादं प्रथिन बनवायची माहिती असते. पण वडील ‘ओ’, आई ‘ए’ आणि मूल ‘एबी’, हे शक्य आहे का, असं विचारलं तर बहुतेक जण ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. आजचं बोलणं या एका ‘नाही’बद्दल आहे. कारण हे उत्तर वहीत चुकलं तर गुण जातात, घरात चुकलं तर एखाद्या बाईच्या चारित्र्यावर बोट उठतं.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मुंबईतल्या काही लोकांच्या विलक्षण रक्ताची नोंद केली. रक्तगट तपासायची रीत तुम्ही प्रयोगशाळेत पाहिली आहे. काचपट्टीवर रक्ताचे थेंब, एकात ‘ए’विरोधी प्रतिपिंडं, म्हणजे ‘ए’ खूण ओळखून तिला चिकटणारी प्रथिनं, दुसऱ्यात ‘बी’विरोधी. यांच्या रक्तात दोन्हीकडे गुठळ्या झाल्या नाहीत. म्हणजे गट ‘ओ’. पण मग तपासणी उलटी केली, यांच्या रक्तद्रवात ‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशी टाकल्या, तर त्यांच्याही गुठळ्या झाल्या! सगळ्यांना चालतं म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो ते ‘ओ’ रक्त या माणसांना चालत नव्हतं. यालाच पुढे ‘बॉम्बे रक्तगट’ नाव पडलं.

असं का झालं, ते तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर जाऊन पाहू. तिथे साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, फ्युकोज नावाची साखर जोडतं, तेव्हा तयार होतो ‘एच’ प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडं जिला ओळखतात ती खूण. त्या ‘एच’वर ‘ए’चं विकर एक साखर लावतं, ‘बी’चं विकर दुसरी. ‘ओ’ असेल तर ‘एच’ तसाच उघडा राहतो. आता ‘एच’च नसेल तर? भिंतच नाही, खुंटी कुठे ठोकणार? ‘ए’ किंवा ‘बी’चं विकर शाबूत असतं, पण त्याला काम करायला जागा नसते. आणि शरीराने ‘एच’ कधी पाहिलेलाच नसल्यामुळे ते त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं.

इथे एक शंका हमखास येते: तांबड्या पेशीला केंद्रकच नसतं, मग जनुकं कुठली? पेशी अस्थिमज्जेत घडत असते तेव्हा तिला केंद्रक असतं. हे साखरेचं काम तिथेच होऊन जातं.

नीट लक्ष द्या, जनुकं दोन आहेत. ‘ए-बी-ओ’चं जनुक नवव्या गुणसूत्रावर, ‘एच’चं एकोणिसाव्यावर. आईवडिलांकडून दोन्ही स्वतंत्रपणे येतात. भारतातल्या बॉम्बे गटाच्या लोकांत ‘एच’च्या जनुकात ७२५ व्या जागी थायमिन या डीएनएच्या अक्षराऐवजी ग्वानिन हे अक्षर आढळतं. तेवढ्याने विकरातलं २४२ वं अमिनो आम्ल ल्युसिनऐवजी आर्जिनिन होतं आणि विकर निकामी होतं. सुमारे तीन अब्ज अक्षरांतलं हे एक अक्षर. साध्या ‘ओ’ गटाची कथाही अशीच आहे: त्याच्या नेहमीच्या प्रकारात एक ग्वानिन गळालेलं असतं, त्यामुळे तीन-तीन अक्षरांचे पुढचे सगळे त्रिक सरकतात आणि प्रथिन अर्धवट राहतं.

आता त्या कुटुंबाकडे येऊ. वडिलांकडे ‘बी’चं जनुक आहे, पण ‘एच’च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. फक्त पेशींची तपासणी केली तर रिपोर्टवर येणार ‘ओ’. आई ‘ए’, तिचा ‘एच’ शाबूत. मुलाला वडिलांकडून ‘बी’ मिळालं, आईकडून ‘ए’ आणि एक चांगला ‘एच’. त्या एका ‘एच’ने वडिलांमध्ये दबलेलं ‘बी’ मुलात उघड झालं. मूल ‘एबी’, आणि मूल त्याच वडिलांचं! रिपोर्ट सांगतो तो बाह्य गुण, जनुक नव्हे. हा फरक डोक्यात पक्का असल्याशिवाय कुणीही रक्तगटावरून पितृत्वाबद्दल एक शब्दही काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बिघडलेली प्रत अप्रभावी असल्याने वाहकाला, म्हणजे अशी एकच प्रत असलेल्याला, काहीच जाणवत नाही. दोन वाहकांची गाठ पडली तर प्रत्येक अपत्यात चारात एक शक्यता. आत्या-मामांच्या मुलांची लग्नं जिथे रूढ आहेत, तिथे एकाच पणजोबांची प्रत दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. युरोपात हा गट साधारण दहा लाखांत एकाचा मानतात, मुंबईच्या परिसरात दहा हजारांत एकाचा.

या माणसांना एरवी कसलाही आजार नसतो. प्रश्न येतो तो रक्त द्यायची वेळ आली की. त्यांना फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. म्हणून रक्तपेढीत उलटी तपासणी आणि रुग्णाच्या रक्ताशी जुळणी कधीच वगळायची नसते. आणि दात्याचा शोध सुरू करायचा तो सख्ख्या भावंडांपासून.

आता वही काढा. वडील मघाचेच, पण आई या वेळी बिघडलेल्या ‘एच’ची वाहक आहे, आणि ‘ए’बरोबर तिच्याकडे ‘ओ’चीही प्रत आहे. वडिलांकडेही ‘बी’बरोबर ‘ओ’ आहे असं धरा. आठ चौकटी होतील. किती चौकटींत रिपोर्टवर ‘ओ’ दिसेल, आणि त्यातला खरा ‘ओ’ कोणता, ते काढून दाखवा.